ताईची शेवटची रेड

भांडण उकरून काढायची माझी खोड जुनी. ऑनलाइन खेळात तिला मोकळं रान मिळालं. गुडगावच्या नव्या वस्तीत मोठी बहीण आणि मी भाड्याने राहत होतो. ताई मानेसरच्या कारखान्यात क्वालिटीला होती, मी कॉल सेंटरात. रविवारची दुपार दोघांचीही कॉम्प्युटरसमोर जायची.

मला पीव्हीपी, म्हणजे खेळाडूविरुद्ध खेळाडू, आवडायचं. समोर खराखुरा माणूस, कुठेतरी खुर्चीत बसलेला. त्याला लोळवलं की तो चिडायचा आणि त्याचं चिडणं मला गोड लागायचं. ताईचा जीव रेडमध्ये. पंचवीस जणांनी मिळून कॉम्प्युटरनेच चालवलेला एक अजस्र राक्षस मारायचा. ती हीलर होती, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवायचं काम तिचं.

"तो राक्षस चिडतसुद्धा नाही," मी म्हणायचो. "ठरल्या वेळी ठरलेलाच वार करतो. काय मजा यार?"

"पंचवीस माणसं एकाच वेळी एकाचं ऐकतात, ही मजा. आमच्या लाइनवर बिल्कुल होत नाही असं."

एका राक्षसाने ताईच्या गटाला चार महिने दाद दिली नव्हती. ताईचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी ती त्यासाठी गावी निघणार होती. सासरी कॉम्प्युटर एकच, तोही सासऱ्यांच्या कामाचा. तेव्हा हा रविवार शेवटचा. एक गडी कमी पडला म्हणून तिने मला घेतलं.

चारला आमच्याकडे वीज जायची, रोजच. पंखे, फ्रिज बंद ठेवले तर दोन कॉम्प्युटर आणि मोडेम इन्व्हर्टरवर पाऊण तास चालतात, हे ताईने आदल्या दिवशी लावून पाहिलं होतं. सगळे साडेतीनला गुहेच्या तोंडाशी जमले. तिथेच मला तो दिसला. आठवडाभर मला लोळवत असलेला, समोरच्या पक्षातला खेळाडू.

"दोनच मिनिटं, ताई."

मी त्याच्यामागे डोंगरापार गेलो. हेडफोनमध्ये कोणीतरी विचारलं, "दीदी, भाईसाहब के बिना शुरू करें?"

"नहीं, आ रहा है वो," ताई म्हणाली. हे मी ऐकलं आणि तरीही थांबलो नाही.

पंचवीस मिनिटांनी त्याला मारून परतलो. पाचच मिनिटांत वीज गेली. मे महिन्यात, बिनपंख्याचे, आम्ही दोघं घामाने निथळत खेळत होतो. दोन डाव हरलो. तिसऱ्यात राक्षस मरायला टेकला आणि इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. मग दोन्ही स्क्रीन काळे झाले. ताई हेडफोन न काढता तशीच बसून राहिली.

संध्याकाळी गटातल्या एकाने ईमेलने खेळातलं चित्र पाठवलं. राक्षस मेला होता, भोवती तेवीस जण उभे. कोपऱ्यात आम्ही दोघं मरून पडलेले. इन्व्हर्टर बंद पडल्यावर आम्हाला वाचवायला हीलर नव्हती.

ताईने ते बराच वेळ पाहिलं. "झालं ना शेवटी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तुझा तो? हरला?"

"हो."

"अच्छा. किती दिवस मागे होतास त्याच्या," असं म्हणून ती बॅग भरायला उठली.

ती चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मला तेवढंच येत होतं. त्या खेळाडूचं नाव आता आठवतही नाही. "आ रहा है वो" मात्र अजून ऐकू येतं, आणि लाज वाटते.