वाजवून घेतलेली भिंत

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या रात्रीची हॉटेलची खोली माझ्या सासूबाईंनी निवडली. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "म्हणजे, तुला चाललं ते?" नाही चाललं. तेव्हा अजिबात चाललं नव्हतं. खोली बघायला गेलो त्या दिवशी मी तीनदा चिडले आणि एकदा तर रिक्षातून उतरून सरळ घरी जायच्या बेतात होते.

तेव्हा लोकांच्या हातात मोबाईल आले होते, पण घरबसल्या खोलीचे फोटो बघून बुकिंग करायची सोय आमच्यासारख्यांना नव्हती. खोली हवी तर जाऊन बघायची. आणि खोली हवीच होती. होणाऱ्या नवऱ्याचं घर गोडदेवला, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि किचन. लग्नाला गावाहून चौदा माणसं येणार होती, आणि प्रसाद घेऊन लगेच निघणाऱ्यांतली ती नव्हती. रविवारी लग्न, सोमवारी सत्यनारायण, आणि पूजा झाल्यावरच नवराबायको एकत्र, असा त्यांच्याकडचा रिवाज. म्हणजे सोमवारी रात्री त्या एका खोलीत चौदा पाहुणे, सासूसासरे आणि आम्ही दोघं. साखरपुड्यापासून हे माझ्या डोक्यात फिरत होतं. आईकडे विषय काढला तर ती डाळ निवडता निवडता म्हणाली, "होईल काहीतरी. सगळ्यांचं होतं." नवरा मुलगा कंपनीच्या कामासाठी महिनाभर नाशिकला जाऊन बसला होता. त्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "बघतो." बघतो म्हणजे काय, हे मला तेव्हाही कळत होतं.

पण माझी खरी काळजी वेगळीच होती. मी हाटकेशला खोके बनवणाऱ्या एका गाळ्यात ऑफिसचं काम करायचे. ऑफिस म्हणजे मशीनच्या शेजारी काचेची एक पेटी. आठ तास त्या खडखडाटाच्या वर बोलून माझा आवाज मोठा झाला होता. हसणं तर जन्मापासूनच मोठं. मला बघायला आले त्या दिवशी होणाऱ्या सासऱ्यांनी पोह्यांची बशी हातात घेतली, नीट निरखली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोहे छान आहेत. खोबरं मात्र दुर्बिणीतून बघायला लागेल." मला जे हसू फुटलं ते आवरेना. शेजारच्या बाई दारात डोकावून गेल्या. आईने सोफ्याच्या आडून मला चिमटा काढला. सगळे हसले, फक्त होणाऱ्या सासूबाई हसल्या नाहीत. तोंडाला पदर लावून त्या माझ्याकडे एकटक बघत राहिल्या.

ह्या बाईला माझं हसणं खटकलंय, अशी माझी त्या दिवसापासून खात्री झाली. बाकी मला कशाची भीती नव्हती. स्वयंपाक येत होता, पहाटे उठणं जमलं असतं. पण लग्न करून जिथे जाणार तिथे तोंड दाबून राहावं लागलं, तर ते मला जमणार नव्हतं. इतका मोठा प्रश्न, आणि तो विचारायला माणूस नव्हतं.

अशात एका शुक्रवारी त्यांचाच फोन आला. तेव्हा मी त्यांना काकू म्हणायचे. "उद्या सुट्टी आहे ना तुला? बांगड्यांचं माप द्यायला जाऊ या." शनिवारी सकाळी त्या खारीला आमच्या बिल्डिंगखाली रिक्षा थांबवूनच उभ्या होत्या. मी आत बसल्यावर त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "स्टेशन के पास लेना." मग माझ्याकडे न बघता, "आधी एक काम आहे. सोमवारसाठी तुमची खोली बघायची आहे. हॉटेलात."

मला कुठे बघावं कळेना. "काकू, तो बघेल ना," मी म्हटलं.

"तो एसी बघेल, टीव्ही बघेल. भिंत नाही बघणार."

भिंत म्हणजे काय, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

स्टेशनजवळच्या हॉटेलातल्या मॅनेजरने आम्हा दोघींकडे बघितलं आणि सवयीने विचारलं, "कितने घंटे के लिए?"

"घंटे?" काकू म्हणाल्या. "पूरी रात के लिए. शादी है इसकी. मेरे लडके के साथ."

मॅनेजर खुर्चीवरून उठलाच. त्याने चावी घेतली आणि तो एसी, गरम पाणी, रूम सर्व्हिस असं सांगायला लागला. "वो सब बाद में," काकू म्हणाल्या. "पहले मेरेको भिंत देखने का है." खोलीत गेल्यावर त्यांनी पलंगाकडे ढुंकूनही बघितलं नाही. नारळ घेताना वाजवतात तशी त्यांनी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली, दोनतीन ठिकाणी. मग शेजारची खोली उघडायला लावली आणि मला म्हणाल्या, "मी पलीकडे जाते. दार लावून घे आणि तू बोल काहीतरी. नेहमीसारखं बोल."

एकटीने काय बोलायचं? मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." काकू परत आल्या. "टेस्टिंगसुद्धा ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "चल." जिना उतरताना तो मॅनेजर वरून वाकून आमच्याकडे बघत होता. माझे कान तापले होते.

रिक्षात बसल्यावर त्या बाहेर बघत म्हणाल्या, "तुझा आवाज मोठा आहे." झालं. म्हणजे ही सगळी वरात माझा आवाज मोजायला निघाली होती. रिक्षा थांबवा, मी इथेच उतरते, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण रिक्षावाला आरशातून बघत कान देऊन ऐकत होता, आणि त्याला फुकट तमाशा दाखवायची माझी इच्छा नव्हती. मी गप्प बसले. आयुष्यात फार कमी वेळा मी गप्प बसले आहे, त्यातली ती एक.

दुसरं हॉटेल हायवेला, आमच्या गाळ्यापासून पाच मिनिटांवर. काचेचं दार, आत माशांची टाकी, कडक इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस. आमचे शेठ बाहेरगावच्या पार्ट्यांना तिथेच उतरवायचे. खोली बघितली आणि रागातही मला ती आवडली. पांढरीशुभ्र चादर, मोठी खिडकी, भिंतीला फुलाफुलांचा कागद. काकूंनी कागदावरूनच भिंत वाजवली. "आता मी बोलते," त्या म्हणाल्या. "तू पलीकडे जा. माझा आवाज ऐकू आला, तर मग कुणाचाही येईल."

मी शेजारच्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावून उभी राहिले. गाळ्यातल्या कुणी मला असं बघितलं तर वर्षभर पुरेल, असं मनात येत होतं. पलीकडून काकूंचा आवाज आला, "येतंय का ऐकू?" अगदी शेजारी उभ्या असल्यासारखा. कागदाच्या मागे नुसतं प्लायवूड होतं. आलं, असं ओरडून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडे दुसराच आवाज झाला.

काकू हसल्या. म्हणजे त्यांनी हसून बघितलं. आधी एक छोटंसं "हा हा", सुकं. मग थांबल्या. खाकरल्या. पुन्हा हसल्या, जरा मोठ्याने, आणि ते मध्येच तुटलं. बरेच दिवस उभ्या असलेल्या स्कूटरला किक मारत राहावं तसं चाललं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी मोठा श्वास घेतलेला मला ऐकू आला, पण त्यातून हसू आलंच नाही. त्या खोलीत त्यांच्यासमोर कुणी नव्हतं. पन्नाशी उलटलेली एक बाई बंद दाराआड एकटी उभी राहून हसून बघत होती. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

मी होते त्या खोलीत त्या आल्या. "आलं काही ऐकू?"

नाही म्हटलं असतं तर त्यांची लाज राहिली असती, आणि मला आवडलेली खोलीही मिळाली असती. एक क्षण मी तसं म्हणणारही होते. पण खोटं बोलताना माझं तोंड मला दगा देतं. "आलं," मी म्हटलं. "हसणं पण आलं."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. बराच वेळ चादरीवरची नसलेली सुरकुती हाताने सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "परळला आम्ही चाळीत होतो. दहा बाय बाराची खोली. सासूसासरे, दोन दीर, एक नणंद, आणि साडीच्या पडद्याआड आम्ही दोघं. ह्यांचा स्वभाव तू बघितलास ना? हळूच बोलतात, पण असं काही बोलतात! रात्री कानात बोलायचे. मला हसू आवरायचं नाही. पदराचा बोळा करून तोंडात धरायचे मी. अकरा वर्षं. मग इकडे आलो. दार लावता यायला लागलं. पण तोवर हसायला तोंडच उघडेना. अजून मी आतल्या आत हसते. ह्यांना वाटतं, आता आपल्या बोलण्याची हिला मजा येत नाही."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तू त्या दिवशी पोह्यांवर हसलीस ना," त्या पुढे म्हणाल्या, "तेव्हाच मी ठरवलं, सून करायची तर हीच. फक्त एकच वाटलं, हिचं असंच राहू दे. आमच्या घरी येऊन हिच्या तोंडात पदर जायला नको. निदान पहिल्या दिवशी तरी नको. म्हणून भिंत बघतेय."

"मग हे रिक्षात सरळ सांगता येत नव्हतं तुम्हाला?" मी ओरडलेच. बाहेरून कडक इस्त्रीवाला डोकावला. "मी तिकडे चिडून मरतेय!"

"तुझा आवाज खरंच मोठा आहे," काकू म्हणाल्या. मग उठल्या. "एसी छान आहे पण इथला."

"असू दे. ही नको. प्लायवूड आहे."

तिसरी खोली बघायला आम्ही उत्तनला गेलो. समुद्राकडच्या बाजूला एका ख्रिस्ती कुटुंबाचं जुनं घर होतं, खाली खानावळ, वर चार खोल्या. पाटीवर हॉटेल लिहिलेलं, म्हणून हॉटेल. मालकीणबाई अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटत होत्या. भिंत बघायची आहे, असं काकूंनी सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत, उलट खूश झाल्या. "बघा ना. दगडाची हाय. आतलं बाहेर येत न्हाय, बाहेरचं आत येत न्हाय."

खोलीत एसी नव्हता, टीव्ही नव्हता. चुन्याने रंगवलेली भिंत, लोखंडी पलंग, कोपऱ्यात माठ. काकूंनी भिंत वाजवली, तर त्यांचीच बोटं दुखली. मग मला शेजारच्या खोलीत पाठवून त्यांनी दार लावून घेतलं. मी भिंतीला कान लावला. काहीच नाही. दुसरा कान लावला. तरी काही नाही. त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. आत त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. त्यांनी मालकीणबाईंना सोमवार सांगितला, आणि मग आम्ही खरोखरच बांगड्यांचं माप द्यायला गेलो.

सोमवारी पूजा आटोपली, चौदा माणसांच्या पाया पडून झालं, आणि ऊन उतरायच्या आत आम्ही दोघं रिक्षाने उत्तनला पोचलो. मी पिशवी खाली ठेवली. तो खिडकीशी गेला आणि कुजबुजत म्हणाला, "खिडकी लावू का?"

"कुजबुजतोयस कशाला?" मी म्हटलं. "इथे कोण आहे?"

तो विचारात पडला. "आमच्या घरी असंच बोलतात," तो म्हणाला, तेही हळूच.

"भिंत तुझ्या आईने बघितली आहे. बोल मोठ्याने."

"काय बोलू?" तो म्हणाला. चांगला खणखणीत आवाज होता त्याचा. तो स्वतःच दचकला, आणि मग मी हसायला लागले. किती वेळ ते आठवत नाही. मध्येच तोही हसायला लागला. खूप सुखाची संध्याकाळ होती ती.

मंगळवारी दुपारी आम्ही गोडदेवला परतलो तेव्हा पाहुणे अजून तिथेच होते, गाद्यांच्या वळकट्यांना टेकून बसलेले. सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं, जसं बघतात तसं. आई गॅसपाशी चहा गाळत होत्या. लग्न झाल्यापासून मी काकूंना आई म्हणायला लागले होते. सासरे दाराबाहेर जिन्यात उभे राहून टेम्पोवाल्याशी फोनवर बोलत होते. माझा नवरा चपला काढता काढता, त्या भरल्या घरात, मोठ्याने म्हणाला, "आई, चहा!"

चौदाच्या चौदा माणसं गप्प झाली. त्या घरात एवढ्या मोठ्याने कुणी चहा मागितला नव्हता. आईंनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ओठ आवळून धरले, पण नजर आवरली नाही. आणि त्यांना हसू फुटलं. तोंड उघडून, खांदे हलवून, एका हातात गाळणं तसंच धरून त्या हसत राहिल्या.

जिन्यातून सासरे घाईघाईने आत आले. फोन कानालाच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, एकेका बाईच्या तोंडाकडे बघितलं.

"कोण हसलं?" त्यांनी विचारलं.

"मी," आई म्हणाल्या.