बाबांनी सोडलेला मासा

इकडे ये बघू. अजून जवळ. फोनवर बोलताना एकीकडे लॅपटॉप बडवत "हो आई, हो आई" करतोस, ते मला कळत नाही वाटतं? कान पिळायला माझा हात स्वीडनपर्यंत पोचत नाही, म्हणून वाचतोस. म्हणून लिहितेय. शाळा माझी अर्धवट राहिली, बोलते तशीच लिहिणार. खुर्ची ओढ आणि नीट वाच.

बाबांना कंपवात झालाय. मी तुला "हात जरा थरथरतो" एवढंच म्हणाले होते. जरा नाही रे. त्यांचा चहाचा कप मी अर्धाच भरते. शर्टाची बटणं लावते, तेव्हा ते भिंतीकडे बघत उभे राहतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांनी थोडं सावरेल, पण पुढे कमीच होत जाणार.

तू त्यांना तिकडच्या नदीवर नेलंस ना, तो ग्रेलिंग मासा पकडायला? आल्यावर कितीदा सांगितलं त्यांनी मला, पाठीवरचा पर कसा शिडासारखा उघडला, त्यावर जांभळे ठिपके कसे होते. पुढचं मात्र सांगायला त्यांना वर्ष लागलं. नव्या गळाचा पहिला मासा घरी आणून बायकोच्या हाती द्यायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज. म्हणून त्यांनी इथून, शारजाहून, प्लास्टिकची पिशवी घडी करून खिशात नेली होती. मी काय स्वीडनला होते? पण नेली. ती काढली तशी मित्रांसमोर तू म्हणालास, "बाबा, प्लीज! इथे मासा परत सोडतात. आणि एवढा घट्ट काय धरलाय, मरेल तो." आणि त्यांच्या हातातून काढून घेऊन तूच सोडलास.

घट्ट नव्हता धरला रे. हात तेव्हाच थरथरायला लागला होता. तुला दिसू नये म्हणून दाबून धरला होता.

तेव्हापासून एकच ध्यास, मासा पकडून आपल्या हाताने सोडायचा. आपलं वर्कशॉप विकलं तेव्हा तिथला छोटा व्हाइस, ती लोखंडी पकड, तेवढी घरी आणली. माझ्या डायनिंग टेबलाला आवळली. गळ तिच्यात पकडायचा आणि त्यावर कबुतराची पिसं, माझ्या जुन्या शालूची जर गुंडाळून माशाला भुलवायला खोट्या माश्या बनवायच्या. आधी तांदळाएवढ्या बनायच्या. मग गळ मोठा लागायला लागला, मग आणखी मोठा. आता दोरा मी धरते, ते नुसतं सांगतात. "यल्ला, चल, ओढ," म्हणतात. मी म्हणते, "माझ्या शालूची माशी झाली, आता मलाही बांधा गळाला." तेवढ्याला हसतात.

गेल्या शुक्रवारी सकाळी अजमानच्या खाडीवर गेलो. तू दिलेली ती लवलवती काठी घेऊन. शेजारी देवगडकडचा एक क्रेनवाला गळ टाकून बसला होता. यांची दोरी मागेपुढे भिरभिरताना बघून म्हणाला, "काका, चाबूक झाला, घोडा कुठाय?"

"घोडा पाण्यात आहे," बाबा म्हणाले. "दिसेल तुला, इन्शाल्ला."

आणि खरंच लागला. वीतभराचा, चंदेरी. क्रेनवाला उठून उभा राहिला. बाबा पाण्याजवळच्या पायरीवर वाकले, तू सांगितलं होतंस तसे आधी हात ओले केले आणि मासा उचलला. गळ निघेना. बोटं गळापर्यंत जायची आणि तिथून उडायची. मी पुढे झाले तर "थांब," म्हणाले. इतक्या जोरात, की मी थांबलेच. शेवटी गळ निघाला, आणि त्याच क्षणी हात असा उडाला, की मासा आधी पायरीवर आपटला आणि मग पाण्यात गेला. थोडा वेळ आडवा तरंगला. मग खाली गेला. पोहत गेला की बुडाला, मला नाही सांगता येणार.

क्रेनवाला परत खाली बसला. आपल्या गळाकडे बघत राहिला.

बाबा ओले हात तसेच पुढे धरून म्हणाले, "सोडला. पोराला सांग, माझ्या हाताने सोडला."

"सांगते," मी म्हणाले.

घरी आल्यापासून व्हाइसला हात लावलेला नाही. काठी कपाटामागे उभी केलीय. काल विचारलं, "जायचं का खाडीवर?" तर म्हणाले, "खलास. एकदा जमलं ना."

एवढ्या लांबचा प्रवास त्यांना आता झेपणार नाही, तेव्हा ती नदी राहिलीच. तुला यावं लागेल. मासा निसटला हे मी सांगितलं, ते तुझ्यापाशीच ठेव. येताना तुझी काठी आण. पायरीवर त्यांच्या शेजारी बस. लागला मासा तर तुझे हात त्यांच्या हाताखाली धर, वरून नको. त्यांना सोडू दे. सुट्टी मिळते का बघतो, असं मला सांगू नकोस. हाताला अजून काठी पेलते आहे, तोवर ये. लवकर ये रे.