मामाच्या घासाची वाट

अंगणवाडीच्या वजनकाट्यावरून राजदीपला उचलताना सेविका रीताताईंचा चेहरा उतरला. पोराला नववा महिना लागला होता आणि वजन मागच्या वेळेपेक्षाही कमी भरलं होतं.

"माधवी, काय खाऊ घालून राह्यली याले?"

"पाजतो नं ताई, अंगावरचं."

"आन् वरचं?"

माधवीने मान खाली घातली. वरचं अजून सुरूच नव्हतं. तिच्या सासूचा, कुंताबाईंचा शब्द होता की पहिला घास मामाचाच. मामाने वाटी-चमचा घेऊन यायचं, भाच्याला मांडीवर बसवून खीर चाटवायची. त्याआधी बाळाच्या तोंडी अन्नाचा कण लागायचा नाही. आणि मामा, म्हणजे माधवीचा धाकटा भाऊ मिथुन, मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. दर फोनवर म्हणायचा, "हे वावर झालं का निघतोच, बाई." ते झालं की मुकादम पुढचं धरायचा.

"मामा येईपर्यंत पोरानं काय हवा खावी?" रीताताई म्हणाल्या. "पुढच्या वजनाले असंच राह्यलं तं भरती करा लागन."

घरी कुंताबाई अंगणात झिंगे निवडत होत्या. माधवीने सगळं सांगितलं. मिथुननेही आता फोनवर 'तूच भरव' म्हटल्याचं सांगितलं.

"फोनातून घास देता येते का?" कुंताबाई निवडतच राहिल्या. मग हात थांबला. "निकेशच्या आधी मले एक पोरगी होती. मामा यायच्या आधीच शेजारनीनं तिले भात चाटवला. त्याच पावसाळ्यात गेली. तू म्हनशीन, त्यानं काय होते? मले तसं म्हनता नाई येत."

लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण नवऱ्याने, निकेशने, हे कधी सांगितलं नव्हतं. सासू हट्टी आहे एवढंच माधवीला ठाऊक होतं. आता सासूला वाटणारी भीती तिलाही वाटू लागली.

चोरून भरवता आलं असतं. सासू मासोळी विकायला गेली की घर मोकळंच असायचं. पण चोरून भरवलं आणि खरंच काही झालं, तर ते एकटीने कसं सोसायचं? राजदीप मात्र आताशा भुकेने रडतही नव्हता. नुसता छातीला तोंड लावून पडून राहायचा. ते पाहून माधवी उठली. वरण-भात मऊ शिजवला, बोटांनी कुस्करला आणि सासूच्या समोरच बाळाला मांडीवर आडवं घेऊन बसली.

पहिला घास त्याने जिभेने बाहेर ढकलला. दुसराही.

"पाह्य," कुंताबाई म्हणाल्या. "त्याले समजते."

तिसऱ्या घासाला त्याला ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला. कुंताबाईंनी झेप घेऊन पोर ओढून घेतलं, पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. भाताचं शीत बाहेर पडलं आणि पोर मोठ्याने रडलं. कितीतरी दिवसांनी असं रडलं.

"निजवून काऊन भरवते, बावळट? उभं धरा लागते लेकराले!"

"मले कोठी माहीत, माय? आपन कधी भरवलंच नाई याले."

पोराला कुंताबाईंनी मांडीत ताठ बसवलं, छातीशी त्याचं डोकं टेकवलं आणि स्वतःची मान भिंतीकडे वळवली.

"दे," त्या म्हणाल्या. "मी पाहत नाई."

माधवीने शिताएवढाच घास दिला. बराचसा हनुवटीवर ओघळला.

"गेला का पोटात?"

"थोडासा गेला."

सासूची मान भिंतीकडेच होती. पण त्यांनी पोर सोडलं नाही.