तुलनेची नळी

माझी आई एका प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं एकच काम करत आली. आपल्या रक्तात दुखणं कमी करणारी एन्केफॅलिन नावाची द्रव्यं असतात, आणि रक्तातलीच एन्झाइम काही मिनिटांतच त्यांचे तुकडे करून टाकतात. आई जुनाट दुखण्याच्या रुग्णांच्या रक्तद्रवात एन्केफॅलिन घालायची, नळी कोमट पाण्यात ठेवायची आणि ते किती वेळात संपतं ते मोजायची. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं. दर वेळी बाहेरचा माणूस कोण शोधत बसणार? आई स्वतःचीच बाही वर करायची.

घरीही तुलनेला ती स्वतःच. माझी पाठ पंधराव्या वर्षापासून दुखते. तसं म्हटलं की ऐकायला मिळायचं, "मी दिवसभर उभी असते, मला कुठे काय होतं? थेरं नुसती!" माझ्या बाळंतपणातही हेच. शेवटी मी सांगणंच सोडलं. वीट आला हो, आपलंच दुखणं सिद्ध करत बसण्याचा.

गेल्या महिन्यात आई तापाने घरी होती. तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीने स्वतःचं रक्त वापरलं, तर एन्केफॅलिन दोन मिनिटांत साफ. आईच्या नळीत ते आठ मिनिटं टिकायचं! मग सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं. सगळे दोन-तीन मिनिटांतलेच. एकट्या आईच्या रक्तात त्या एन्झाइमना अडवणारे पदार्थ भरपूर निघाले. एकोणीस वर्षं ज्या रुग्णांच्या रक्तात एन्केफॅलिन लवकर संपण्याचा दोष आहे असं लिहिलं, ते बिचारे चारचौघांसारखेच होते.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "पण बाई, यावरून तुम्हाला कमी दुखतं असं काही सिद्ध होत नाही हं," असंही ते म्हणाले. आईने ते ऐकलंच नाही. मिळेल ती बस पकडून ती माझ्याकडे आली.

दार उघडलं तर ही उभी, अंगात पांढरा कोट तसाच. सगळं एका दमात सांगितलं. माझं डोकंच फिरलं. "तेवीस वर्षं मी सांगतेय ते खोटं, आणि नळीने सांगितलं ते लगेच खरं?" आईने मान खाली घातली. मग म्हणाली, "किती दुखतं गं?"

हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, बरी आहे मी."

"खोटं बोलू नकोस," आई म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून "इथे? की इथे?" असं विचारत राहिली.