सहा देश आणि दोन कुलुपं

वझलवार सर डोळे मिटून युरोप काढायचे. फळ्याकडे तोंड, डोळे बंद, आणि खडू फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आरामात चालत हॉलंडपर्यंत पोचायचा. स्वतः ते नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण ऱ्हाईन नदीबद्दल बोलायला लागले की थंडीत नर्मदेवर धुकं उतरतं तसं वर्गात काहीतरी उतरायचं आणि मागच्या बाकांवरची टवाळ पोरंही गप्प व्हायची. जबलपूरच्या त्या कॉलेजात मी नवीनच लागले होते. माझा तास नसला की हळूच मागे जाऊन बसायचे.

त्यांचा लाडका विषय एकच. महायुद्धानंतर युरोपातल्या सहा देशांनी अणुऊर्जेसाठी केलेला करार. "बॉम्ब विसरा, मॅडम," ते म्हणायचे, "मजा किल्लीची आहे. कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेले लोक म्हणून राहिले, ये भैया, माझं कोठार उघड, आतलं इंधन तपासून घे. आपल्याच्यानं होईल काय?"

होत नव्हतं, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. घराच्या वाटण्या झाल्यापासून सर आणि त्यांचा धाकटा भाऊ वसंता यांचं बोलणं बंद होतं. विहिरीवरचा पंप मात्र सामाईक. दुसऱ्यानं परस्पर पाणी घेऊ नये म्हणून पंपाच्या खोलीला दोघांनी आपापलं कुलूप ठोकलेलं. रोज सकाळी दोघं शेजारी उभे राहून, एकमेकांकडे न बघता कुलुपं काढत. त्या दिवशी वसंता रात्रपाळीनंतरही रिछाईच्या कारखान्यात अडकला होता, म्हणून चहापुरतंही पाणी नव्हतं. मी सहज बोलून गेले, "सर, इथे तर दोनच देश आहेत." त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी आपली किल्ली भावाच्या दाराशी खिळ्याला अडकवली. "काहून? आता काय नवीन डाव?" वसंता आतूनच ओरडला म्हणे. मी कॉलेजला जाताना डोकावले तर सर रिकामी बादली घेऊन ओट्यावर बसलेले.

"युरोपलाही टाइम लागला, मॅडम. तुम्ही चलो, मी बसतो."

त्या दिवशी सर अंघोळ न करताच कॉलेजात आले, पण हसत आले. उशिरा का होईना, पंप घरघरला होता.

पुढे कितीतरी वर्षं वसंतानं दोन्ही कुलुपं काढून रोज पाणी सोडलं. दोघं एकमेकांशी बोलले मात्र नाहीत. हट्टी घराणं! पंप सुरू झाला की सर डोळे मिटून ऐकत राहायचे, अगदी फळ्यापुढे मिटायचे तसे.

सर गेले. तेराव्याला वसंता ती किल्ली मुठीत धरून माझ्याजवळ आला. "मॅडम, दादानं किल्ली दिली. काहून दिली, मी पुन्हा कधी विचारलंच नाही. लोक म्हणून राहिले, सहा देशांचा काही किस्सा होता. साऱ्या शहराला सांगितला त्यानं. मला तुम्ही सांगा."

आम्ही ओट्यावर बसलो. एकमेकांच्या जिवावर उठलेल्यांनी कोठाराची किल्ली कशी दिली ते सांगत मी नावं घेऊ लागले, फ्रान्स, जर्मनी, इटली. चौथं नाव यायच्या आतच तो पिकल्या केसांचा माणूस गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला.