सफरचंदाची ओटी

सांगलीहून निघालो त्या सकाळी सोप्यात दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि आई माझी पुस्तकं एकेक करून बाहेर काढत होती. "पुस्तकं तिथंही मिळतील. भाजणी कोण देणार आहे तुला?" ती काढायची, मी परत ठेवायचे. शिरीष, माझा नवरा, गाडीपाशी घड्याळ बघत उभा होता. बाबा त्याला हळूच म्हणाले, "जावईबापू, दोघींच्या मधे पडू नका. मी कधी पडलो नाही." शेवटी पुस्तकंही आली आणि भाजणीही, राहिले ते स्वेटर.

अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात शिरीषला आयटीतली नोकरी होती. माझ्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं, म्हणून मी वाचत बसले, मग जवळच्या एका कॉलेजात शिकले, आणि पुढे त्याच कॉलेजच्या क्रीडा विभागात लागले. आयुष्यात कधी चेंडू झेलला नव्हता, पण कायदा शिकले होते. माझ्या कामाला तिथे कंप्लायन्स म्हणत. खेळाडूंना आणि कॉलेजात खेळायला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना कुणी काय द्यायचं, काय नाही, याचे जाडजूड नियम असतात, ते सांभाळायचे. दिवसभर कोच दारात डोकावून विचारायचे, याला घरी सोडलं तर चालेल का, तिला जॅकेट घेऊन दिलं तर चालेल का. मी पुस्तक उघडायचे आणि सांगायचे. हळूहळू मी त्या विभागाची उपसंचालक झाले. बाबांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे न खेळता टीममध्ये."

बाबा गेल्यावर आई एकटी पडली. शेजारच्याच गल्लीत भाऊ आणि वहिनी होते, तरी मला ती माझ्याकडे हवी होती. ग्रीन कार्डचे कागद करायची तयारी होती. ती म्हणाली, "सहा महिने राहून बघते, मग सांगते." त्या सहा महिन्यांत मी तिच्या चेहऱ्याकडे जितकं पाहिलं तितकं लहानपणी कधी पाहिलं नसेल. तिला तिथलं ग्रंथालय आवडलं. बर्फ नाही आवडला. शेजारच्या काकूंबरोबर ती मराठी मंडळात जायची, पण हळदीकुंकवाला मात्र मागच्या खुर्चीत बसायची. कुणी पुढे बोलावलं तर म्हणायची, "तुमचं होऊ दे गं."

एका शनिवारी मी तिला ऑफिसला घेऊन गेले. व्हॉलीबॉलसाठी एक मुलगी आईबरोबर कॉलेज बघायला आली होती, ओहायोहून. मी पलीकडे कोचशी बोलायला गेले. परत येते तर त्या बाई माझ्या आईच्या गळ्यात पडून रडत होत्या. लेकीला इतकं लांब ठेवायचं म्हणून त्यांना भरून आलं होतं. भाषा दोघींची निराळी, पण आईला ते कळलं. तिच्या पर्समध्ये कायम एखादा खण असायचा. नारळ नव्हता, म्हणून माझ्या डब्यातलं सफरचंद घेऊन तिने त्या बाईंची ओटी भरली होती, त्यांच्या टी-शर्टचा घोळ ओंजळीसारखा धरायला लावून.

बाबा गेल्यानंतर आईने भरलेली ती पहिली ओटी. सांगलीत तिने कधी हात पुढे केला नसता.

आणि ज्या मुलीला अजून प्रवेश द्यायचा आहे तिच्या घरच्यांना विभागाकडून भेटवस्तू चालत नाही. माझ्या आईने दिलेली तर नाहीच नाही. माझी बॉस लिंडा पोट धरून हसली आणि म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, पण रिपोर्ट करावा लागेल." केला. खण कुरिअरने परत आला, सोबत त्या बाईंची माफी. सफरचंद मुलीने गाडीतच खाल्लं होतं, तेव्हा त्याची किंमत तिला एका संस्थेला दान करावी लागली. मग ती खेळायला मोकळी झाली, आणि पुढे चार वर्षं आमच्याकडेच खेळली.

आईने खण हातात घेतला, घडी मोडली, परत घातली. "ओटी परत आली होय गं?" एवढंच म्हणाली. मी नियम समजावू लागले तर म्हणाली, "असू दे. तुझं काम आहे ते." सहा महिने संपले तशी ती सांगलीला परतली. कागद कपाटातच राहिले.

पुढे आम्ही अमेरिकेतच दुसऱ्या राज्यात, प्लेनोला आलो. खेळाडूंचे पोशाख बनवणाऱ्या एका कंपनीने मला घेतलं. आज मी ती चालवते. माणसाला न दुखावता नाही कसं म्हणायचं, हे मी क्रीडा विभागात शिकले आणि इथे त्याचंच खाल्लं. पण एका खणाला नाही म्हटल्यामुळे आई सांगलीला परत गेली, हे मी कितीतरी वर्षं मनात धरून होते.

या वर्षी आई गेली. तिचे दिवस झाल्यावर एका दुपारी सांगलीच्या घरी गल्लीतल्या बायका सोप्यात बसल्या होत्या. वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, "ताई, अमेरिकेहून आल्या त्याच आठवड्यात आईंनी माझी ओटी भरली. म्हणाल्या, हा खण विमानात बसून आलाय, मान दे त्याला. मग गल्लीतल्या सगळ्यांच्या भरायला लागल्या. कुणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, अमेरिकेत एकीची भरून आले, तिची पोरगी चार वर्षं खेळली. कुठं काय वाकडं झालं?"

ओटी परत आली होती, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मला हसू आलं. ती माझ्यावर रुसून गेली नव्हती. तिला जे करायचं होतं ते इथेच, याच बायकांत करायचं होतं, आणि त्याचं बळ ती माझ्या ऑफिसातून घेऊन आली होती. मी मात्र तिला माझ्या घरात ठेवून घ्यायला निघाले होते.

कोपऱ्यात गल्लीतल्याच मंदाकाकू बसल्या होत्या. काकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "माझ्या सुनेला सातवा लागलाय. तुझी आई असती तर तिलाच विचारलं असतं. मी भरली तर चालेल का गं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. प्लेनोची पाहुणी म्हणून नाही. या घरातली, आता विचारायचं ते हिलाच, अशा.

कुठलंही पुस्तक न उघडता मी म्हणाले, "चालेल, काकू."