झेरॉक्सचं लग्न

झेरॉक्स कुणाच्याही हातात कागद देत नसे, नुसता दाखवायचा. पासपोर्ट असो, रेसिडेन्स कार्ड असो, नाहीतर लाँड्रीची पावती, तो स्वतःच्या चिमटीत धरून समोरच्याच्या नाकापुढे नाचवायचा. "ओरिजिनल सोडायचं नाही भाभी. गेलं की खलास." खरं नाव आनंद, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. बहरीनला मआमीर भागातल्या एका वर्कशॉपमध्ये तो आमच्या ह्यांच्याबरोबर टेक्निशियन होता. वर्ध्याकडचा, बौद्ध, तिशी उलटलेला, आणि काखेत कायम एक निळी फाईल.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही बाब अल बहरीन या बाजाराच्या कमानीमागच्या गल्लीत राहायचो. एका शुक्रवारी तो जेवायला आला तो नोईला घेऊन. नोई थायलंडची, आमच्याच बाजारात एका शिंप्याकडे बायकांचे झगे शिवायची. मी रत्नागिरीची, चौकशी केल्याशिवाय मला जेवण पचत नाही. कुठे भेटलात, बोलता कोणत्या भाषेत, हिच्याकडे भात खातात का? "पँटची चेन बदलायला गेलो होतो," तो लाजत म्हणाला. दोघांचं बोलणं थोडं इंग्रजी, थोडं अरबी आणि उरलेले हातवारे. नोईने मात्र माझा सुका जवळा वाटी पुसून खाल्ला. मला पोरगी तिथेच आवडली.

लग्न आपल्या दूतावासात करायचं ठरलं. त्याने फाईल उघडली की मी भाजी निवडायची थांबायचे. तिचा अविवाहित असल्याचा थाई दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, त्यावर शिक्का, आणि तो शिक्का खरा असल्याचा आणखी एक शिक्का. "अरे, शिक्क्यांचंही लग्न लावायचं का?" मी विचारलं. "लावू भाभी, मफी मुश्किला, काही अडचण नाही," म्हणत तो झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा सारखा करायचा.

अडलं एका कागदावर. आपला मुलगा अविवाहित आहे, असं आईने गावाकडे लिहून द्यायचं होतं. आई म्हणे, पोरगी आपल्यातली नाही, मी अंगठा देणार नाही. इकडे नोईचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. व्हिसा संपला की ती परत, आणि एकदा गेलेल्या माणसाला पुन्हा आणणं किती कठीण, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. "बाकी सगळ्याची झेरॉक्स निघते भाभी," तो म्हणाला, "आईच्या होकाराची कुठून काढू?" मला फार वाईट वाटलं.

शेवटी आमच्या घरून फोन लावला. गावात किराणा दुकानात फोन होता, तिथे आईला बोलावून आणलं. मी स्वयंपाकघरात जायला हवं होतं, पण पाय निघेना. म्हातारीचा आवाज रिसिव्हरबाहेर ऐकू येत होता. "बौद्ध हाये म्हनतं तू. पन तिले वंदना तरी येते काय?" झेरॉक्सने काखेतली फाईल सोफ्यावर ठेवली. एवढे कागद गोळा केले आणि हे विचारायचंच राहिलं होतं.

त्याने नोईकडे बघून हात जोडून दाखवले, "बुद्ध" म्हणाला आणि फोनकडे बोट केलं. नोई सोफ्यावरून उतरली, पाय मागे दुमडून गालिच्यावर बसली, डोळे मिटले. मी रिसिव्हर तिच्या तोंडाशी धरला. तिने म्हणायला सुरुवात केली. झेरॉक्स आधी नुसता ऐकत राहिला, मग कुजबुजला, "भाभी, चाल निराळी आहे, पण शब्द तेच, पालीतले. आमचीच वंदना." मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी डोक्यावर ओढणी घेतली.

मग तिकडे दुकानातून म्हातारीचा आवाज आला, नोईच्या मागोमाग. दोघींनी शेवटपर्यंत म्हटलं. झेरॉक्स भिंतीकडे तोंड करून रडत होता. आई म्हणाली, "कागद धाड. अंगठा देतो मी."

लग्न झालं, साक्षीदार म्हणून मीही सही केली. पुढे ती दोघं वर्ध्याला गेली, आम्हीही बहरीन सोडलं, पत्ते बदलले. आजही कुठल्या खिडकीवर कागद द्यायचा झाला की माझी चिमूट सुटत नाही.

पण तो मला आठवतो तो त्या फोनच्या दिवसाचाच. दोघं जिना उतरून गेली आणि बघते तर निळी फाईल सोफ्यावर. मी खिडकीतून हाक मारली, "अरे झेरॉक्स, तुझी सगळी ओरिजिनलं इथेच राहिली."

त्याने वर पाहिलं. "राहू द्या भाभी, नेईन कधीतरी," म्हणाला, आणि नोईला हातवाऱ्यांनी काहीतरी समजावत बाजाराकडे वळला.